शिक्षकांसाठी इंग्रजी उच्चार: एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

विद्यार्थ्याचा उच्चार चुकला की 'माझ्यामागून म्हणा' यापलीकडे काही सुचत नाही, अशी अडचण असलेल्या भाषाशिक्षकांसाठी तयार केलेला इंग्रजी उच्चारांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. त्यातले काही धडे उत्तम आहेत, काही मात्र निव्वळ भरताड.

सुरुवातीला २६ अक्षरे आणि ४४ ध्वनी, म्हणजे २० स्वर व २४ व्यंजने, हा परिचित तक्ता येतो. ही मोजणी प्रमाण ब्रिटिश उच्चारांची आहे; अमेरिकन उच्चारांत स्वरांची संख्या कमी भरते. अभ्यासक्रम हे सांगत नाही आणि पुढे नमुन्यादाखल दोन्ही धाटणीचे आवाज ऐकवतो, त्यामुळे 'कार'मधला शेवटचा र कधी ऐकू येतो, तर कधी गायब होतो आणि नवखा शिक्षक गोंधळतो.

व्यंजनांचे धडे मात्र प्रत्यक्ष कृतीवर आधारलेले असल्याने मनात ठसतात. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'पिन' म्हटले की ती हलते, 'स्पिन' म्हटले की जवळजवळ स्थिर राहते. प आणि फ वेगळे मानणाऱ्या आपल्या कानांना हा फरक दाखवून दिल्यावर चटकन कळतो. भूतकाळी क्रियापदांच्या शेवटी 'वॉक्ट'मध्ये ट, 'प्लेड'मध्ये ड आणि 'वॉन्टिड'मध्ये इड का येतो, हेही गळ्यावर बोट ठेवून, कंपन जाणवते की नाही ते पाहत शिकवले आहे. बंडी आणि पश्चिम या अर्थांचे दोन्ही इंग्रजी शब्द देवनागरीत 'वेस्ट' असेच लिहिता येतात. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. केवळ लिपीवर विसंबणाऱ्याची इथे फसगत ठरलेली.

अभ्यासक्रमाचे खरे मोल आघातावरील धड्यांत आहे. 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्या, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्या आणि 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्या उच्चारखंडावर जोर येतो, आणि जोर सरकला की मागे राहिलेला स्वर पुष्कळदा क्षीण होऊन 'श्वा' या आखूड, अ-सारख्या ध्वनीत विरतो. हा इंग्रजीतला सर्वाधिक आढळणारा स्वर असूनही वर्णमालेत त्याला स्वतःचे अक्षर नाही. प्रत्येक स्वर ठसठशीत उच्चारणे म्हणजे शुद्ध बोलणे, हा माझा जुना समज इथे मोडला.

कोणती चूक आधी सुधारावी, याविषयी मात्र मार्गदर्शन नाही. 'शिप' आणि 'शीप' यांची गल्लत झाली तर अर्थच बदलू शकतो. उलट 'थिंक'मधील थ जीभ दातांत न धरता म्हटला तरी ऐकणाऱ्याला बहुधा कळते. तरीही या थ-द ध्वनींवर दोन संपूर्ण धडे खर्ची पडले आहेत आणि वाक्यातील आवाजाच्या चढउताराला जेमतेम एक धडा मिळाला आहे.

ध्वनिमुद्रण तपासून गुण देणारी स्वयंचलित सोय मी तिसऱ्या दिवशीच बंद केली, कारण माझ्याच एका ध्वनिफितीला तिने दोन वेळा वेगवेगळे गुण दिले. त्याऐवजी एखाद्या सहकाऱ्याला पाठमोरे बसवून आपण 'शिप' म्हटले की 'शीप', हे ओळखायला सांगावे.