मुक्कामाची जागा: पुस्तकातून शोधावी की फोनवरून?

दिवाळी आटोपली, हवेत जरा गारवा आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन ठरलेला. ‘तंबू घेतलाय, पोरांना घेऊन एक रात्र डोंगरात काढायची आहे. जागा शोधायला किल्ल्यांचं पुस्तक घेऊ, की फोनवर भागेल?’ यंदा हे माझ्या भाच्याने विचारलं. त्याला दोन मिनिटांत नीट सांगता आलं नाही, म्हणून बसून लिहितोय.

पुण्याच्या आसपास मी सतरा-अठरा वर्षं मुक्कामाला जातोय. त्यातली पहिली निम्मी वर्षं फक्त पुस्तक होतं, नंतर फोन आला, आणि मधली तीन-चार वर्षं मी पुस्तक कपाटातून काढलंसुद्धा नव्हतं. आता पुन्हा काढलंय. तेव्हा माझा कल कुठे आहे ते लपवत नाही, पण फोनची बाजूही मनापासून मांडतो, कारण ती खरोखर मोठी आहे.

पुस्तक म्हणजे कुठलं, एवढं आधी सांगायला हवं. इतिहास रंगवून सांगणारी पुस्तकं वेगळी. मी म्हणतोय ती वाटाड्या पुस्तकं, ज्यांत प्रत्येक गडाखाली ठरलेले मथळे असतात: जायच्या वाटा, राहण्याची सोय, जेवणाची सोय, पाण्याची सोय, लागणारा वेळ. आपल्याकडे मुक्कामाची आखलेली मैदानं जवळजवळ नाहीतच. माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो, तिकडच्या राष्ट्रीय उद्यानांतल्या आखलेल्या मैदानांत बहुतेक तंबूच्या जागांना नंबर, टेबल, शेकोटीचं लोखंडी कडं, आणि बऱ्याच जागा आधी ऑनलाइन आरक्षित करायच्या. तरी तोही गाडीत छापील पुस्तक ठेवतो. उंचावरच्या जागांवर थंडीत नळ गोठतात म्हणून पाणी बंद करतात, आणि नळ कुठल्या महिन्यात चालू असतो ते त्याच्या पुस्तकात पहिल्या ओळीत असतं. आपल्याकडे नळाच्या जागी कातळात खोदलेलं टाकं आहे, आणि ते गोठत नाही, आटतं. माझ्यापुरता सगळा निकाल या टाक्यावरच लागला.

तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. भोरच्या बाजूचा एक आडवाटेचा गड. बरोबर धाकटा भाऊ आणि त्याची दोन मुलं, एक दहा वर्षांचा, एक तेराची. फोनवर त्या जागेला साडेचार तारे होते. अभिप्राय तर एकाहून एक सरस. ‘वर थंडगार पाणी आहे’, ‘पाण्याची अजिबात चिंता नको’. फोटोतलं टाकं काठोकाठ भरलेलं, त्यात आभाळ दिसतंय. म्हणून आम्ही माणशी दीड-दीड लिटर घेऊन चढलो, बाकी वर भरून घेऊ म्हणालो. उन्हाची चढण होती. साडेपाचला माथ्यावर पोचलो तेव्हा चौघांत मिळून लिटरभर पाणी उरलं होतं, आणि टाक्याच्या तळाला हिरवट चिखल होता. दुसरं टाकं दगडगोट्यांनी बुजलेलं. अंधारात त्या घसरड्या वाटेने मुलांना उतरवायचं धाडस आम्हाला झालं नाही. खिचडीचा शिधा तसाच राहिला, चिवडा खाल्ला तर तहान वाढेल म्हणून तोही दिला नाही. रात्री धाकटा पुतण्या दोनदा उठला. दोन्ही वेळा मी त्याला बाटलीच्या झाकणाने मोजून पाणी दिलं. ते झाकण मला अजून आठवतं.

उजाडताच उतरलो. पायथ्याच्या पहिल्या घरात आजींनी काही न विचारता कळशी पुढे केली. मग म्हणाल्या, ‘शिमग्यानंतर वर कुठलं पाणी, बाबा? आम्ही गुरंबी न्हेत न्हाई.’

घरी येऊन कपाटातलं पुस्तक काढलं. त्या गडाला जेमतेम पाऊण पान दिलेलं. शेवटी लिहिलं होतं: पाण्याची दोन टाकी, पैकी पूर्वेकडचं पिण्यायोग्य, फेब्रुवारीअखेरपर्यंत.

मी ते अभिप्राय पुन्हा एकेक करून वाचले. कुणीही खोटं लिहिलेलं नव्हतं. पण तारखेच्या जागी काय होतं? ‘एक वर्षापूर्वी’, ‘दोन वर्षांपूर्वी’. महिना कुठेच नाही. फोटोंतलं गवत पाहिलं तेव्हा कळलं की बहुतेक मंडळी पावसाळ्यात किंवा त्याच्या लगेच नंतर गेली होती. साहजिकच आहे, तेव्हाच डोंगर सुंदर असतो आणि तेव्हाच सगळे जातात. म्हणजे साडेचार तारे होते ते ऑगस्ट-ऑक्टोबरचे, आणि आम्ही गेलो एप्रिलमध्ये. फोनवरच्या जागेला वर्ष असतं, महिना नसतो. अलीकडे काही ठिकाणी भेटीचा महिना दिसायला लागलाय म्हणतात, चांगलंच आहे. पण सरासरीचा आकडा सगळे महिने एकत्र कालवूनच तयार होतो, आणि आपल्या डोंगरात महिनाच सगळं ठरवतो.

सह्याद्रीत हे असं का, ते ज्याला तंबू घेऊन जायचंय त्याने समजून घ्यावं. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट. पण हा काळा कातळ, बेसाल्ट, पाणी पोटात फारसं धरत नाही. तीव्र उतारांवरून बहुतेक पाणी वाहून खाली जातं. माथ्यावर उरतं ते मुख्यतः खोदलेल्या टाक्यांत. त्यातही टाक्या-टाक्यांत फरक. उघडं टाकं उन्हाने लवकर आटतं. आत दगडी खांब सोडून कातळाखाली खोदलेलं खांबटाकं सावलीत असतं, त्याचं पाणी जास्त टिकतं. ज्याच्या तळाला झरा आहे ते मेपर्यंतही साथ देतं. चांगल्या पुस्तकाचा लेखक त्या गडावर दोन-तीन ऋतूंत गेलेला असतो, गावात विचारलेलं असतं, म्हणून तो ‘तीन टाकी, मधल्यातलं पाणी प्या’ असं लिहू शकतो. अभिप्राय लिहिणारा एकदाच गेलेला असतो. त्याला दोष नाही, त्याच्याकडे तेवढंच आहे.

फोटोंची गोष्ट जवळपास तशीच. हरिश्चंद्रगडाचंच घ्या. फोनवर नाव टाकलं की कोकणकड्याच्या तोंडाशी लावलेले तंबू दिसतात, मागे सूर्यास्त. पाहणाऱ्याला वाटतं, मुक्कामाची जागा हीच. एका डिसेंबरात आम्हीही कड्यापासून फार लांब नसलेल्या जागी तंबू लावला. खालून कड्याला आपटून वर येणारा वारा रात्री अकरानंतर असा सुटला की तंबूची एक काठी मोडली आणि बाकीची रात्र कापड धरून बसण्यात गेली. पुस्तकात त्या कड्याचं वर्णन भरभरून आहे, पण राहण्याच्या सोयीखाली त्याचं नावही नाही. तिथे हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराजवळच्या गुहा दिल्या आहेत, खोलगटात, वाऱ्याच्या आडोशाला. फोटो काढणारा डोळ्यांसाठी जागा निवडतो, पुस्तक लिहिणारा पाठीसाठी. मुलांबरोबर जाताना मला या दोघांतला दुसरा बरोबर हवा.

आता फोनची बाजू. रस्त्याच्या बाबतीत पुस्तक हरतंच. माझ्या प्रतीत एका गडासाठी पायथ्याच्या गावापर्यंत दोन तास चालायला सांगितलंय. त्या गावात आता डांबरी रस्ता आहे आणि चहाची टपरीही. एसटीच्या वेळा तर वाचूच नयेत. स्वारगेटहून अमुक वाजता गाडी, असं लिहिलेलं असतं आणि ती गाडी कधीच बंद झालेली असते. देवळाचं छप्पर उडालेलं असतं, धर्मशाळेला कुलूप असतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे परवानगी. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वन विभागाचे नियम चालतात. अनेक गड पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहेत. कुठे रात्री राहू देतात, कुठे तंबू चालतो, कुठे चूल पेटवायची नाही, हे बदलत राहतं. ते छापील पानावर विसंबून ठरवू नका. निघायच्या आठवड्यात चौकशी करा.

सपाट जागा हेरायलाही उपग्रहाचं चित्र पुस्तकातल्या हाताने काढलेल्या नकाशापेक्षा सरस आहे, यात मला शंका नाही. गूगल अर्थवर जुनी चित्रं तारखेसकट पाहता येतात. एखाद्या पठारावरचं तळं मार्चच्या चित्रात दिसतंय का, हे मी हल्ली घरी बसून बघतो. वेळखाऊ आहे, पण हा महिना दाखवणारा फोन मला मान्य आहे.

पवना धरणाच्या काठावरच्या तंबूंबद्दल बरेच जण विचारतात. तिथे पुस्तकाचा काही उपयोग नाही. ती सगळी अलीकडची व्यवस्था, जेवण, गाद्या, स्वच्छतागृह असलेली, ती फोनवरच शोधावी लागते. माझा अनुभव एवढाच सांगतो: ज्या ठिकाणाला लोकांनी ‘निवांत’ म्हटलं होतं, तिथे शनिवारी रात्री दीडपर्यंत शेजारच्या तळावरचे स्पीकर वाजत होते. निवांत म्हणणारे बहुधा मंगळवारी गेले असावेत. पुन्हा तोच मुद्दा, वाराचा आणि महिन्याचा.

पुस्तक घ्यायचं ठरलं तर कुठलं घ्यावं, याचं एक साधं गमक सांगतो. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानात उभं राहून तुम्हाला पक्का माहीत असलेला एक गड उघडा. तोरणा, राजगड, लोहगड, कुठलाही. फक्त पाण्याची आणि राहण्याची ओळ वाचा. ‘गडावर पाणी आहे’ एवढंच लिहिलं असेल तर ते परत फळीवर ठेवा. कुठल्या दिशेचं टाकं, पिण्याजोगं की वापरण्याजोगं, कुठल्या महिन्यापर्यंत, आणि गुहेत किंवा देवळात किती जण झोपू शकतात, हे असेल तर रंगीत छायाचित्रं नसली तरी घ्या. जाड गुळगुळीत कागदापेक्षा साधा कागद बरा, त्यावर पेन्सिल उमटते.

पेन्सिलीचं मी मुद्दाम सांगतोय. त्या एप्रिलच्या पानावर मी समासात लिहिलं: ‘एप्रिल दुसरा आठवडा, दोन्ही टाकी कोरडी, पश्चिमेचं बुजलंय.’ तीच माहिती फोनवरही टाकली होती. आज ती शोधायला गेलो तर शंभरेक सूर्यास्तांच्या फोटोंखाली दबली आहे, आणि तिच्यावरही ‘तीन वर्षांपूर्वी’ एवढाच शिक्का आहे. पुस्तकात ती उघडल्याबरोबर दिसते. गेल्या पावसाळ्यापासून माझ्या प्रतीत एकवीस गडांच्या समासात असे महिने लिहून झालेत. जुनं झालेलं पुस्तक असं हळूहळू आपलं होतं. फोनवरची माहिती मात्र कितीही ताजी असली तरी परकीच राहते, निदान मला तसं वाटतं.

तर भाच्यासाठी म्हणून सांगायचं तर असं. गाडी थेट तंबूपर्यंत जाणार असेल, जेवण विकत मिळणार असेल, तर पुस्तकाचा खर्च करू नकोस. पाठीवर ओझं घेऊन चढायचं असेल, आणि विशेषतः जानेवारीनंतर, तर जागा पुस्तकातून निवड, रस्ता फोनवरून बघ. दोन्हींतलं एकच ठेवायचं झालं तर मी पुस्तक ठेवेन. तुझं मत वेगळं होऊ शकतं, तुझी पिढी फोनवर माझ्यापेक्षा बारकाईने वाचते.

आणि निघायच्या दोन दिवस आधी पायथ्याच्या गावात कुणाला तरी विचार. नंबर फोनवर मिळेल, पण विचारायचं काय ते पुस्तकच शिकवतं. नुसतं ‘पाणी आहे का’ विचारलं तर समोरचा माणूस गावातल्या विहिरीचा विचार करून ‘आहे की, या’ म्हणतो. तो चुकीचं बोलत नाही. ‘वरच्या पूर्वेकडच्या टाक्यात या आठवड्यात पाणी आहे का’ असं विचारलं की तो क्षणभर थांबतो, आत कुणाला तरी हाक मारतो, आणि मग खरं उत्तर मिळतं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी भाचा रायरेश्वरला चाललाय. पहिल्या मुक्कामाला मीच ते सुचवलं. वर एवढं मोठं पठार आहे, शंभू महादेवाचं देऊळ आहे, आणि माथ्यावरच वस्ती असल्यामुळे अडीनडीला हाक मारायला माणसं आहेत. नवं पुस्तक घ्यायला अजून वेळ झाला नाही म्हणाला, तेव्हा माझीच प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिली आहे. पेन्सिल आतच आहे.