पावसाळ्यानंतर वाजणारं काडतूस: बारा बोअरच्या दारूबद्दल माझा अनुभव

गेल्या आश्विनात भात कापायला चार दिवस राहिले होते. रात्री अकराच्या सुमारास रानडुकरांचा कळप मळ्याच्या बांधापर्यंत आला. त्यांना हुसकावायला मी माळ्यावरून, म्हणजे राखणीच्या मचाणावरून, माझ्या बारा बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या छर्ऱ्याच्या बंदुकीतून बाजूच्या मातीच्या दरडीवर बार काढला, तर नुसता ‘फट’ असा आवाज झाला. खांद्याला धक्काच बसला नाही. नळी दरडीकडेच धरून मी शंभर आकडे मोजले, मग बंदूक उघडली. टॉर्च लावून नळीतून पाहिलं, तर पलीकडचा उजेड दिसेना. काडतुसातली (दारू आणि छर्रे यांच्यामधली) चकती आणि छर्रे नळीतच अडकले होते. त्याच घाईत दुसरं काडतूस भरलं असतं तर नळी फुगली असती, कदाचित माझ्या तोंडाशीच फुटली असती. त्या रात्री अर्धा वाफा डुकरांनी लोळवला आणि मी बंदूक मांडीवर घेऊन नुसता बसून राहिलो.

ते काडतूस एका शहरातल्या दुकानातून आणलेलं होतं. जुना माल होता, कागदी नळीचा. दुकानदार म्हणाला, ‘दारू कधी शिळी होत नाही.’ ती होते, आणि कोकणात फार लवकर होते. म्हणूनच शेती संरक्षणाचा परवाना असलेल्या आपल्या लोकांसाठी हे लिहितोय.

आजोबांकडे ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक होती. काळी दारू, ठासायचा गज, ठिणगी पाडणारी केप. मृगाचा पाऊस लागला की ते म्हणायचे, ‘दारूक घाम सुटता.’ काळ्या दारूत सोरा, कोळसा आणि गंधक असतं, त्यातला कोळसा ओल धरतो. त्याहून वाईट म्हणजे बार काढल्यावर नळीत उरणारी काजळी. ती हवेतलं पाणी ओढून घेते आणि खाऱ्या वाऱ्यात एका रात्रीत नळी गंजवते. म्हणून आजोबा कितीही दमलेले असोत, गरम पाण्याने नळी धुऊन, पुसून, तेल लावल्याशिवाय जेवायला बसत नसत.

आजच्या काडतुसात असते ती बिनधुराची दारू. ती 1884 साली फ्रान्समध्ये पॉल व्हिए यांनी केली. नायट्रोसेल्युलोजची बनवलेली, काळीशी, ग्रॅफाइटचा हात फिरवल्यामुळे चकाकणारी. ती ओल कमी धरते आणि राखही फारशी ठेवत नाही. पण तिचा जोर काळ्या दारूपेक्षा कितीतरी जास्त असतो. ठासणीच्या बंदुकीत ती कधीही, चिमूटभरसुद्धा, घालू नका. जुनी नळी तो दाब सोसत नाही.

रिकामी काडतुसं घरी भरणारे आमच्या भागात अजून ऐकू येतात. मला कुणी तसं काडतूस फुकट दिलं तरी घेणार नाही. दारू दारूत फरक असतो. रायफलच्या अरुंद नळीतून जड गोळी ढकलायची असते, म्हणून तिथे सावकाश जळणारी दारू लागते. बारा बोअरची नळी रुंद, तिला झटकन जळणारी लागते. एकच माप दोन दारूंना लावलं तर एक जेमतेम फुसफुसेल आणि दुसरी बंदूक फाडेल. दोन्ही दिसायला सारख्याच. हे डोळ्याच्या अंदाजाचं काम नाही, आणि परवान्यात बसणारंही नाही.

आता मी काय वापरतो ते सांगतो. पुण्याच्या खडकीच्या कारखान्यात बनणारं ‘शक्तिमान’, प्लॅस्टिकच्या नळीचं, बुडाला पितळ. हा कारखाना 1869 पासूनचा. बुडावर के. एफ. अशी अक्षरं असतात, ती पाहूनच घ्या. मी मुद्दाम एक प्रयोग केला. जूनमध्ये चार काडतुसं पडवीतल्या फळीवर पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली, चार हवाबंद पत्र्याच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्यांसकट. शेजारी वडिलांच्या वेळची दोन कागदी काडतुसंही ठेवली. सगळं कुलपात. दसऱ्यानंतर पोलीस पाटलांना आधी सांगून चिरेखाणीमागच्या मातीच्या दरडीसमोर नवीन आठ तपासली.

कागदी दोन्ही फुगली होती. चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, शिरेनात. ती जोर करून बसवायची नसतात, म्हणून बाजूला काढली. पडवीतली प्लॅस्टिकची चारही वाजली, पण पितळेवर हिरवट डाग आले होते आणि एकाचा आवाज मला जरा मंद वाटला. डब्यातली चारही एकसारखी, ठणठणीत. खांद्याला बसणारा धक्काही चारही वेळा सारखाच. मला हेच हवं असतं. अंधारात माळ्यावर बसलेल्या माणसाला बंदुकीचा विश्वास वाटला पाहिजे.

छऱ्यांबद्दल लोक फार विचारतात. मी 6 नंबर घेतो, एका औंसात सुमारे 270 छर्रे. आवाज मोठा होतो आणि मला आवाजच हवा असतो. एवढे बारीक छर्रे डुकराला मारत नाहीत, जखमी करतात, आणि जखमी जनावर चार दिवस झाडीत तडफडतं. ते मला पाहवत नाही. शिवाय वन्यप्राणी मारायला वनखात्याची लेखी परवानगी लागते, नुसता बंदुकीचा परवाना पुरत नाही. वांदरांसाठी तर बार दरडीकडेच. काजूच्या बोंडांवर बसलेली टोळी एका आवाजाने पलीकडच्या राईत जाते. उद्या परत येईल, ते खरं.

तक्रार एकच, मिळण्याची. आमच्या आसपास दुकानं मोजकी, माल हवा तेव्हा नसतो, आणि परवान्यावर जेवढी काडतुसं लिहिलेली तेवढीच मिळतात. त्यात निवडणूक लागली की आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात. ती नेमकी भात पिकायच्या वेळी लागली तर राखणदाराच्या हातात पत्र्याचा डबा आणि काठी. ज्याने कधी कुणाला धाक घातला नाही अशा शेतकऱ्याचा थोडा वेगळा विचार व्हायला हवा, हे मी तालुक्याच्या बैठकीतही बोललो आहे.

खोकं घेताना दुकानात उघडून पाहा. पितळ पिवळंधमक हवं, तोंडाची घडी घट्ट हवी, नळी बोटात फिरवली तर कुठे फुगीर लागता कामा नये. आंबूस वास आला तर ते खोकं तिथेच ठेवा, ती दारू बिघडायला लागली आहे. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत काडतुसं ठेवू नका, उष्णतेनेही दारू बिघडते.

माझ्या डब्यावर आता पेन्सिलीने महिना लिहिलेला असतो. गेल्या वर्षीचं आधी, यंदाचं नंतर. मुलगा यंदा पहिल्यांदाच माझ्याबरोबर माळ्यावर येणार आहे. त्याला बंदूक अजून दिलेली नाही. नळीतून उजेड कसा पाहायचा, तेवढं मात्र शिकवलंय.