आई-बाबांना डच जेवायला न्यायचंय: पॅनकेकचं हॉटेल की एटकॅफे?

उन्हाळा आला की नेदरलँड्समधल्या मराठी घरांत आई-वडील मुक्कामाला येतात. आम्ही ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टलफेनला राहतो. भारतीय हॉटेलांना इथे तोटा नाही, पण चार दिवस झाले की बाबा विचारतातच, "इथले लोक काय खातात ते दाखव की." फार महागडं नको, नटूनथटून जायला नको, अशा डच जेवणासाठी माझ्या मते दोनच जागा खऱ्या. एक पानेकूकनहाउस, म्हणजे पॅनकेकचं हॉटेल. दुसरं एटकॅफे, म्हणजे बिअरच्या जोडीला पोटभर जेवण मिळतं अशी गल्लीतली जागा.

आधीच सांगून टाकते. सोबत आई-वडील किंवा लहान मुलं असतील, त्यातून कोणी शाकाहारी असेल, तर पॅनकेक, आणि तोही दुपारी. दोघंच असाल आणि मांसाहार चालत असेल, तर संध्याकाळी एटकॅफे.

डच पॅनकेक अमेरिकन पॅनकेकसारखा जाड-फुगीर नसतो. घावनापेक्षा जरा जाड, कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ, आणि ताट भरून बाहेर येईल एवढा मोठा. चीज, मशरूम, सफरचंदाच्या चकत्या पिठातच भाजून निघतात. चीज आणि पाकातलं आलं ही जोडी ऐकायला विचित्र वाटते, पण आमच्या घरात आता तीच पहिली मागवली जाते. टेबलावर स्ट्रोपची बाटली असते. बीटच्या साखरेचा हा दाट, काळसर पाक बाबांनी पहिल्यांदा चाखला आणि म्हणाले, "अगं, ही तर काकवी!" मग त्यांनी काट्या-चमच्याला हात न लावता पॅनकेकची गुंडाळी केली, काकवीत बुडवली आणि पोळीसारखी खाल्ली. कोणी वळूनही पाहिलं नाही.

एक गोष्ट मात्र घरातूनच ठरवून निघा. पिठात अंडं आणि दूध असतंच. अंडं अजिबात न खाणाऱ्यांसाठी वेगळं पीठ आहे का, हे फोन करून विचारा, तिथे बसल्यावर नको. 'स्पेक' लिहिलेलं असेल तर ते डुकराचं मांस, आणि बऱ्याचदा तवा एकच असतो. माणशी साधारण 10 ते 17 युरो लागतात. वयस्कर माणसाला अख्खा पॅनकेक संपत नाही, म्हणून चौघांत तीन मागवा आणि शेवटी पॉफर्चेस घ्या. आपल्या आप्प्यांएवढे, लोणी-पिठीसाखर घातलेले. मुलं त्यावर तुटून पडतात.

जागेचाही फरक पडतो. ॲमस्टरडॅमच्या प्रिन्सनख्राख्त कालव्यावर जुन्या गोदामात पॅनकेक मिळतात, पण मी आई-बाबांना ॲमस्टरडॅमसे बॉसमध्ये नेते. 1930च्या दशकातल्या मंदीत बेकारांना काम मिळावं म्हणून माणसांनी लावलेलं हे जंगल आहे. तिथल्या मेरझिख्त नावाच्या शेतघराच्या अंगणात बसून खायचं, आणि आसपास मोर फिरत असतात. नेदरलँड्समध्ये मोर पाहून आईला झालेला आनंद मला कुठल्याही संग्रहालयात दिसला नव्हता. मुलं मोठी असतील तर रॉटरडॅमच्या युरोमास्टपासून सुटणारी पॅनकेक-बोटही आहे, हवे तेवढे पॅनकेक खा आणि नदीवर फिरा.

एटकॅफेचं सगळं वेगळं. काळपट लाकूड, मेणबत्त्या, टेबलं एकमेकांना खेटून. 2008 साली हॉटेलांत सिगारेटबंदी आली, तोवर बसलेल्या धुरानं जुन्या कॅफेंच्या भिंती तपकिरी झाल्या, म्हणून अशा जागांना 'तपकिरी कॅफे' हे नावच पडलं. मेन्यूवर शेंगदाण्याच्या दाट रश्शातलं चिकन साते हमखास असतं. ते इंडोनेशियातून आलं, पण आता इतकं घरचं झालंय की डच माणूस त्याला परकं मानत नाही. आपल्या जिभेला तिथलं सर्वांत जवळचं तेच लागेल.

थंडीत आलात तर स्टाम्पॉट खाऊन पाहा. बटाटा आणि केल नावाची पालेभाजी एकत्र कुस्करायची, शेजारी धुरी दिलेलं सॉसेज ठेवायचं. डच आया त्या ढिगाच्या मधोमध चमच्यानं खळगा करून त्यात रस्सा ओततात. भाताला आळं करून वरण वाढण्याची तीच पद्धत! चव मात्र सौम्य असते, मोहरीचा सॉस भरपूर घ्या. शाकाहारी असाल तर नुसतं "सॉसेज नको" म्हणून भागत नाही, आत बेकनचे तुकडे मिसळलेले असू शकतात आणि रस्साही मांसाचाच. बिटरबालन नावाचे तळलेले गोळेही आपल्या बटाटावड्यासारखे दिसतात, पण आत बहुधा गोमांस असतं. आई-वडिलांना हे ऐनवेळी कळू देऊ नका. इथे मुख्य पदार्थच 18 ते 25 युरोंचा.

वेळेबद्दल कळकळीनं सांगते. मागच्या वर्षी ट्राम चुकत चुकत आम्ही सव्वानऊला एका कॅफेत पोचलो. आत गर्दी होती, पण स्वयंपाकघर बंद झालेलं. बाबांची मधुमेहाची गोळी जेवणाआधीची, आणि मिळाले फक्त चिप्स. डच लोक सहालाच जेवायला बसतात, तुम्हीही साडेसहाच्या आत पोचा. साधं पाणी हवं असेल तर 'क्रानवाटर' म्हणजे नळाचं पाणी मागा, काही ठिकाणी त्याचेही पैसे लावतात. कार्ड जवळ असू द्या, कारण अनेक जागी रोख घेतच नाहीत. टिप सक्तीची नाही. सेवा आवडली तर पाच-दहा टक्के ठेवा.

दोन्हीकडे मन धजत नसेल तर सुरिनामी हॉटेल शोधा. 1873 पासून भोजपुरी मुलखातले मजूर दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, सुरिनामला नेले गेले. त्यांची नातवंडं-पतवंडं आज इथे रोटी, बटाट्याची भाजी आणि लांब शेंगांची भाजी वाढतात. डाळीचं सारण भरलेली ती रोटी पाहून आईनं "बिनगुळाची पुरणपोळी" म्हटलं होतं.

आणि एटकॅफेसारखंच पण आई-वडिलांना नेता येईल असं काही हवं असेल, तर ॲमस्टरडॅमच्या रोझनख्राख्तवर मूडर्स आहे. नावाचा अर्थ 'आया'. 1990 साली ते सुरू झालं तेव्हा पाहुण्यांनी आपापल्या घरून ताट-वाट्या आणल्या होत्या, म्हणून आजही तिथे दोन ताटं सारखी नसतात. भिंती लोकांच्या आयांच्या फोटोंनी भरलेल्या आहेत. टेबल आधी राखून ठेवा, शाकाहारी काय आहे ते तेव्हाच विचारा, आणि जाताना आईचा एक चौकटीतला फोटो बरोबर न्या.