करडईचं तेल: घाण्याचं की रिफाइंड?

लातूर-परभणीकडं लाकडी घाणे पुन्हा दिसू लागलेत. बैलाच्या जागी मोटर आली, एवढंच. घाणा सावकाश फिरतो, तेल फार तापत नाही, म्हणून करडईचा वास नि रंग टिकतो. पण पेंडीत बरंच तेल राहून जातं, त्यामुळं भाव चढाच. कारखान्यात पेंडीतलं उरलंसुरलं तेलही हेक्झेन नावाच्या रसायनानं काढतात, मग रंग-वास घालवतात. तेल स्वस्त, टिकाऊ आणि बेचव.

ठेच्यावर, भाकरीबरोबर कच्चं खायचं तर घाण्याचंच. तिथं रिफाइंडचं काही काम नाही. भजी तळायला मात्र रिफाइंड बरं, घाण्याचं लवकर धुरावतं. घाण्याचं घ्याल तर समोर गाळून घ्या, तेही थोडंच. जास्त दिवस ठेवलं की खवट होतं.