मुंबईची आकडेवारी शोधताना: ई-सांख्यिकी, मायक्रोडेटा की डेटा डॉट गव्ह डॉट इन?

२०११च्या जनगणनेत मुंबईच्या लोकसंख्येची चार उत्तरं मिळतात आणि चारही बरोबर आहेत. शहर जिल्हा ३०.८५ लाख, उपनगर जिल्हा ९३.५७ लाख, दोन्ही मिळून बृहन्मुंबई १ कोटी २४ लाख, आणि ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई धरून नागरी समूह सुमारे १ कोटी ८४ लाख. आकडा कुठल्या हद्दीचा, हे सांगणारा मेटाडेटा (म्हणजे आकड्याबद्दलची माहिती) सोबत नसेल तर तो आकडा वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून पोर्टलही त्याच निकषावर निवडावं.

बातमीसाठी किंवा प्रकल्पासाठी तयार तक्ता हवा असेल तर सांख्यिकी मंत्रालयाचं ई-सांख्यिकी बरं. २०२४ साली सुरू झालं. राज्य, वर्ष निवडून तक्ता उतरवता येतो, संकल्पनांची माहितीही तिथेच असते.

स्वतः विश्लेषण करणार असाल तर मात्र त्याच मंत्रालयाचं मायक्रोडेटा पोर्टलच; तिथे सर्वेक्षणांतल्या एकेका घराच्या, व्यक्तीच्या कच्च्या नोंदी मिळतात. नोंदणी करावी लागते, शिकायला वेळ लागतो, पण मेटाडेटा सगळ्यात सखोल इथेच: प्रश्नावली, प्रत्येक रकान्याचा अर्थ, उत्तरांचे संकेतांक, भारांक (नमुन्यातलं एक घर किती घरांचं प्रतिनिधित्व करतं तो आकडा). श्रमबल सर्वेक्षणाचंच बघा. एका मोजणीत मागचे ३६५ दिवस धरतात, दुसरीत मागचे ७ दिवस, आणि त्या आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही रोजगारात गणला जातो. बेरोजगारीचे दोन दर शेजारी ठेवून भांडणारे बहुतेक लोक हे वाचतच नाहीत, आणि त्यातून धोरणावरची चर्चाच भरकटते. इथे आणखी एक खबरदारी: राज्याचा अंदाज नीट येतो म्हणून मुंबई उपनगराचाही येईल असं नाही. नमुना किती घरांचा, हे सर्वेक्षणाच्या आराखड्याच्या टिपेत आधी बघा.

डेटा डॉट गव्ह डॉट इन या सरकारच्या खुल्या माहितीच्या पोर्टलवर विषयांची रेलचेल आहे. पण माहिती वेगवेगळी खाती चढवतात, त्यामुळे वर्णन कुठे नेटकं, कुठे एका ओळीचं. काय काय उपलब्ध आहे हे चाचपायला ते चांगलं. आकडा उद्धृत करण्याआधी मूळ खात्याचा अहवाल उघडावा.

वॉर्डनिहाय लोकसंख्या हवी असेल तर थेट जनगणनेचे तक्ते घ्या. तिथला वॉर्ड महापालिकेच्या ए, बी, सी अशा प्रशासकीय विभागांतला आहे की निवडणुकीच्या २२७ प्रभागांतला, हे तपासूनच नकाशाला जोडा.