व्हिडिओचं संगीत: वर्गणी की एकदाच खरेदी?

दर आठवड्याला व्हिडिओ टाकत असाल तर सरळ वर्गणी घ्या. स्टॉकहोमच्या एपिडेमिक साउंडसारख्या सेवेत महिन्याचे पैसे भरले की मूड जमेपर्यंत दहा ट्रॅक लावून बघता येतात, जीव खालीवर होत नाही.

वर्गणीची खरी मेख ती थांबवल्यावर कळते. चालू असताना प्रसिद्ध केलेले व्हिडिओ सहसा सुरक्षित राहतात. एडिटिंगच्या टाइमलाइनवर अर्धवट पडलेला, नंतर चढवलेला मात्र नाही. माझा भातलावणीचा व्हिडिओ असाच लटकला. चिखलात रोप टेकवणारा हात बरोबर ठेक्यावर कापला होता; नव्या तालावर सगळे शॉट पुन्हा बसवताना दोन रात्री गेल्या.

एकदाच खरेदीत ही धाकधूक नाही. वर्षाला दोनच माहितीपट करणाऱ्याला तीच परवडते. चॅनलच्या सिग्नेचर ट्यूनसाठीही मी हीच निवडेन, फक्त परवाना नीट वाचून, कारण बऱ्याचदा तो एकाच प्रकल्पापुरता असतो आणि ग्राहकाच्या जाहिरातीला वेगळा लागतो. पावती आणि परवान्याची पीडीएफ प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा. यूट्यूबच्या कंटेंट आयडीचा, म्हणजे व्हिडिओतलं संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा, दावा आला, की हरकत घेताना तीच कामी येते.