तिसऱ्या पक्षाला मत द्यायचं की मोठ्यांपैकी एकाला? आधी आपला मतदारसंघ बघा

४८ मतं. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघात शिंदेंच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर एवढ्याच फरकाने निवडून आले आणि ठाकरेंच्या शिवसेनेचे अमोल कीर्तिकर पडले. मी याच मतदारसंघात राहते. आमच्या इमारतीच्या एका विंगमध्ये याहून जास्त मतदार आहेत. त्याच निकालात वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला दहा हजारांवर मतं होती आणि ‘नोटा’ला पंधरा हजारांवर. त्यानंतर कितीतरी दिवस जिन्यात, रिक्षाच्या रांगेत तोच विषय. ज्यांनी तिसऱ्याला मत दिलं होतं त्यांना “तुमच्यामुळे झालं” हे ऐकून घ्यावं लागलं. शेजारच्या एक ताई तेव्हापासून मला विचारतायत की पुढच्या वेळी काय करू, मनाला पटतं त्याला देऊ की निवडून येईल त्याला? त्यांच्यासाठी, आणि अशाच अडकलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय.

माझं मत आधीच सांगते. ज्या पक्षाची माणसं पाच वर्षं आपल्या भागात दिसतात, पाण्याच्या, रेशनच्या कामाला धावतात, तो पक्ष कितव्याही नंबरवर असो, त्याला मत द्यावं. जो अर्ज भरायच्या आठवड्यात उगवतो त्याला देऊ नये. आणि वॉर्डाला जे माप लावतो तेच लोकसभेला लावू नये.

‘मतं खाल्ली’ म्हणजे नेमकं काय झालं?

मोठ्या पक्षाला मत द्या म्हणणाऱ्यांचं सगळ्यात जोरदार म्हणणं मतविभागणीचं असतं. आपल्याकडे ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येतो, मग ती एकूण मतांच्या तीस टक्के का असेनात. त्यामुळे हे म्हणणं खोटं नाही. पण ते प्रत्येक ठिकाणी सारखंच खरंही नाही, आणि इथे आकडे जरा जवळून बघावे लागतात.

२०१९ च्या लोकसभेला नांदेडमध्ये काँग्रेसचे अशोक चव्हाण ४०,१४८ मतांनी पडले. वंचितच्या उमेदवाराला १,६६,१९६ मतं होती. म्हणजे वंचितच्या चार मतदारांपैकी एकाने जरी काँग्रेसचं बटण दाबलं असतं आणि बाकीचे घरी बसले असते, तरी निकाल फिरला असता. आता त्याच वर्षीचं सोलापूर घ्या. काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे १,५८,६०८ मतांनी हरले आणि वंचितच्या प्रकाश आंबेडकरांना १,७०,००७ मतं पडली. तिथे निकाल फिरायला वंचितच्या जवळजवळ प्रत्येक मतदाराने शिंद्यांना मत द्यायला हवं होतं. असं कधी होत नसतं. त्यातले काही भाजपकडे गेले असते, बरेच मतदानालाच आले नसते. तरी या दोन्ही जागांचं खापर एकाच दमात वंचितवर फोडलं जातं. नांदेडच्या आरोपात तथ्य आहे, सोलापूरच्या आरोपात फारसं नाही.

हे फक्त एकाच बाजूला भोगावं लागतं असंही नाही. २००९ ला मुंबईत मनसेच्या उमेदवारांनी लाख-लाखाच्या वर मतं घेतली आणि शिवसेना-भाजप युतीला शहरात एकही जागा मिळाली नाही. ईशान्य मुंबईत भाजपचे किरीट सोमय्या ३ हजारांच्याही आत पडले, मनसेला १,९५,००० च्या वर मतं होती. तेव्हा ‘मतं खाल्ली’ हे ऐकायची पाळी मनसेच्या मतदारांची होती.

नांदेडची पुढची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. २०१९ ला ज्या वंचितच्या मतदारांना “तुम्ही भाजपला मदत केलीत” म्हणून हिणवलं गेलं, त्यांनी पाच वर्षांत बघितलं की फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण स्वतःच भाजपमध्ये गेले. आमच्या मतदारसंघातले वायकरही मार्च २०२४ पर्यंत ठाकरेंच्याच शिवसेनेत होते. मग मन मारून ‘त्यातल्या त्यात बऱ्या’ला मत देणाऱ्याच्या हाती शेवटी काय राहिलं, असं कुणी विचारलं तर मला तो प्रश्न रास्त वाटतो.

फुटण्याच्या बाबतीत दोघेही सारखेच

यावर कुणी म्हणेल, म्हणूनच छोटा पक्ष बरा, तो निष्ठावान असतो. अनुभव तसा नाही. सांगलीत २०१९ ला वंचितच्या गोपीचंद पडळकरांना तीन लाखांवर मतं पडली. विधानसभेपर्यंत ते भाजपमध्ये होते.

गोव्यात तर हे अगदी उघड दिसतं. २०१७ ला काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा मिळाल्या. भाजपविरोधात प्रचार करून आलेले गोवा फॉरवर्डचे तीन आणि मगोपचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे) तीन आमदार मनोहर पर्रीकरांच्या सरकारला जाऊन मिळाले. २०१९ मध्ये त्याच मगोपच्या तीनपैकी दोघांनी पक्ष भाजपमध्ये विलीन केला, मागे एकटे सुदिन ढवळीकर उरले. पक्षांतरबंदी कायद्यात दोन तृतीयांश आमदारांचं विलीनीकरण चालतं. मोठ्या पक्षात त्यासाठी पंचवीस-तीस जण गोळा करावे लागतात, तीन आमदारांच्या पक्षात दोघे पुरतात. छोट्या पक्षाला मत देताना ही गोष्ट डोळ्यांआड करू नये. अर्थात गोव्यातच सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदारांनी भाजपची वाट धरली आणि महाराष्ट्रात शिवसेना, राष्ट्रवादीचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे निष्ठेच्या मुद्द्यावर मी कुणालाच जास्त गुण देणार नाही.

तिसरा पक्ष टिकतो तो कुठे?

मला सगळ्यात जास्त शिकवून जाते ती सांगोल्याची जागा. गणपतराव देशमुख १९६२ ला तिथून पहिल्यांदा निवडून आले आणि एकूण अकरा वेळा आमदार झाले, तेही शेतकरी कामगार पक्षाकडून. राज्यात शेकापची ताकद ओसरत गेली तरी दुष्काळी सांगोल्यात तो टिकला. २०१९ ला ही जागा शेकापने ७६८ मतांनी गमावली. २०२४ ला दोन्ही मोठ्या शिवसेना समोर असताना त्यांचे नातू बाबासाहेब देशमुख शेकापकडूनच निवडून आले. सांगोल्यातल्या माणसाला “शेकापला मत म्हणजे मत वाया” असं सांगून बघा. तिथे शेकाप तिसरा पक्ष नाहीच.

आमच्याच भागातलं उदाहरण मृणाल गोरे यांचं. गोरेगावच्या नळाला पाणी यावं म्हणून लढल्या आणि ‘पाणीवाली बाई’ झाल्या. समाजवादी, म्हणजे तेव्हा काँग्रेससमोर छोटाच पक्ष. पण १९६१ ला महापालिका, १९७२ ला विधानसभा, १९७७ ला लोकसभा अशा त्या पायरी पायरीने वर गेल्या. लोकसभेला जाताना त्या जनता पक्षात होत्या, म्हणजे एका मोठ्या आघाडीच्या भाग होत्या. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी वॉर्ड, मग विधानसभा, आणि दिल्लीला जाताना हातात हात.

रिपब्लिकन चळवळीचाही अनुभव हेच सांगतो. १९९८ ला काँग्रेसशी समझोता झाला तेव्हा प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे चौघे एकाच वेळी खासदार झाले, तेही सर्वसाधारण जागांवरून. २०२४ ला महाविकास आघाडीशी बोलणी फिसकटली आणि वंचितची लोकसभेची मतं २०१९ च्या निम्म्याहूनही खाली आली. अकोल्यात खुद्द आंबेडकर पावणेतीन लाख मतं घेऊन तिसरे राहिले.

मग हरलेलं मत काहीच करत नाही का? करतं. एखाद्या पक्षाला राज्यात ८ टक्के मतं पडली तर एकही जागा नसताना त्याला राज्य पक्षाची मान्यता मिळते आणि हक्काचं चिन्ह मिळतं. २०१९ च्या लोकसभेला वंचितला ७ टक्क्यांच्या आसपास मतं होती, थोडक्यात हुकलं. परिणाम असा की २०१९ च्या विधानसभेला गॅस सिलिंडर आणि २०२४ च्या लोकसभेला प्रेशर कुकर. दर वेळी म्हाताऱ्या माणसांना नवं चित्र पाठ करून द्यायला किती वेळ जातो, हे वस्तीत प्रचार केलेल्यांनाच ठाऊक. नव्या पक्षाला वाढवायचंच असं ज्याने ठरवलंय, त्याच्यासाठी हे मत वाया जात नाही. फक्त तो या वेळच्या निकालावर पाणी सोडतोय, हे त्याने स्वतःला स्पष्ट सांगावं.

कोणती निवडणूक आहे?

मुंबईत एका वॉर्डाला एक नगरसेवक. काही हजार मतांत जागा निघते, उमेदवार ओळखीचा असतो, तो निवडून आला नाही तरी सरकार पडत नाही. इथे तिसऱ्याला संधी द्यायला मी अजिबात कचरणार नाही. मुंबईबाहेरच्या महापालिकांमध्ये बहुसदस्यीय प्रभाग असतात, म्हणजे एका मतदाराने तीन-चार मतं द्यायची. मोठे पक्ष “पॅनल टू पॅनल” चालवतात आणि एकट्या उमेदवाराची दमछाक होते. पण मतदाराच्या हातात तिथे एक सोय आहे जी लोकसभेला नसते: चारही बटणं एकाच पक्षाची दाबलीच पाहिजेत असं नाही. तीन मोठ्यांना, एक त्या धडपडणाऱ्या माणसाला, असं करता येतं.

नोटाचं थोडक्यात सांगते. लोकसभा-विधानसभेला नोटाला कितीही मतं पडली तरी निकाल बदलत नाही. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या नंबरवर होता, आमदार झाले धीरज देशमुखच. नाराजी दाखवायचीच असेल तर एखाद्या प्रामाणिक छोट्या उमेदवाराला मत दिलेलं मला बरं वाटतं, निदान त्याचं डिपॉझिट वाचायला मदत होते. त्यासाठी एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात.

ठरवण्याआधी दोन गोष्टी बघा

एक म्हणजे फॉर्म २०. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मागच्या निवडणुकीचा बूथनिहाय निकाल असतो. आपला यादी भाग क्रमांक मतदार चिठ्ठीवर छापलेला असतो, तो धरून आपल्या केंद्राची ओळ शोधा. तिसऱ्या पक्षाची मतं चार-पाच बूथवर गोळा झालीत की सगळीकडे थोडी थोडी आहेत, ते कळतं. पहिल्या दोघांमधलं अंतर किती होतं तेही कळतं. अंतर लाखाचं असेल तर मनासारखं मत द्यायला तुम्ही मोकळे आहात. अंतर दोन-तीन हजारांचं असेल आणि पहिल्या दोघांपैकी एक जण तुम्हाला अजिबात चालणार नसेल, तर मी स्वतः तिथे दुसऱ्याला मत देईन, आवडता पक्ष बाजूला ठेवून.

दुसरी गोष्ट मतदानाच्या दिवशीच दिसते. शाळेच्या त्या वर्गात, मतदान अधिकाऱ्यांच्या मागे बाकावर पोलिंग एजंट बसलेले असतात, समोर मतदार यादी आणि हातात पेन्सिल. तुमच्या तिसऱ्या पक्षाचा एजंट तिथे आहे का ते बघा. संध्याकाळी किती मतं पडली याची नोंद असलेला १७ सी फॉर्म एजंटला मिळतो. ज्या पक्षाकडे तो घ्यायलाही माणूस नाही, त्याला मत मोजणीपर्यंत सांभाळता येत नाही. आमच्या ताईंना मी हेच सांगितलं: पालिकेला त्या बाईला मत द्या, जी गटार तुंबल्यावर स्वतः येऊन उभी राहते. लोकसभेला आधी मागच्या वेळचं अंतर बघून मग ठरवू, मी येते तुमच्याकडे फॉर्म २० घेऊन.